सेकंड इयरचा इंटरकूलर

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी अंघोळ व्हायची ती फियाटची. तिच्यानंतर देवाची, आणि पाणी उरलं तर माझी. हैदराबादच्या सुलतान बाजारात खाली आमचं साड्यांचं दुकान आणि वर राहायचं घर. आजेसासरे निजामाच्या काळात उदगीरकडची शेती भावकीवर टाकून इथे आले, तेव्हापासून आम्ही बायकांना काठपदर दाखवत पोट भरतोय. आमच्या एकनाथरावांनीही तेच करावं एवढीच माझी अपेक्षा होती. पण हे गिऱ्हाइकापुढे साडी उलगडायचे, निऱ्या पाडायचे आणि मधेच कानोसा घेऊन म्हणायचे, "ती मोटार गेली ना आत्ता, तिचा एक प्लग मेलाय." गिऱ्हाईक दचकून उठून जायचं.

देशाची दारं उघडली म्हणून पेपरात आलं तेव्हा लोकांच्या घरी त्या दारांतून काय काय आलं. कोणाकडे डिश अँटेना आली, कोणाकडे परदेशी सरबतं आली. आमच्याकडे टर्बो आला. दुबईहून परतलेल्या एका गिऱ्हाइकाने बायकोच्या साड्यांवर खूश होऊन मोडीत निघालेल्या जपानी गाडीचा तो भाग ह्यांना भेट दिला. दिसायला ती लोखंडी गोगलगाय. गाडीच्या धुराने तिच्या पोटातला पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, असं ह्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, भेट म्हणून साडी घेणारी, मिठाई घेणारी माणसं असतात, ही गोगलगाय घेणारा नवरा माझ्याच वाट्याला का. पण ह्यांनी ती फियाटला बसवली. गाडी पळायला लागली, हे मान्य करते. मात्र पळताना इंजिन आतून असं ठोकायला लागलं की कोणी दार वाजवतंय समजून मागे बसलेली माणसं "कोण आहे?" विचारायची.

त्यावर ह्यांनी उपाय काढला. पेट्रोलात अल्कोहोल मिसळायचं. अल्कोहोल असलं की इंजिन ठोकत नाही, आणि ते आत जाताना हवेला थंडही करतं म्हणे. माझे धाकटे दीर सुधीर साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला. ते मळीचं स्पिरिट शेंगदाणा तेलाच्या डब्यांत भरून पाठवायचे. आता हे सगळं दुसऱ्या एखाद्या राज्यात ठीक होतं हो. पण तेव्हा आंध्रात कडक दारूबंदी होती. अख्खं हैदराबाद कोरडं ठणठणीत, माणसं खोकल्याच्या औषधाकडे प्रेमाने बघायला लागलेली, आणि अशा दिवसांत आमची मोटार आबिड्सच्या चौकात भर दुपारी गुत्त्याचा वास सोडत उभी राहायची. स्कूटरवाले सिग्नल सुटला तरी आमच्या मागेच थांबायचे.

"वेडे आहात तुम्ही," मी म्हणायचे.

"भविष्यात सगळा देश ह्याच्यावर चालणार आहे, भामा."

"देश चालेल तेव्हा चालेल. तुम्ही आधी भाजी आणा."

आणि एवढं करून मायलेज घसरलं. पूर्वी एका टाकीत नांदेड गाठणारी गाडी निजामाबादलाच तहानेने व्याकूळ व्हायला लागली. हे दुकानात बसून पातळांच्या खोक्यांवर आकडेमोड करायचे. शेवटी निष्कर्ष निघाला की टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, सायकलचा पंप मारताना त्याचं बूड गरम होतं ना तशी, आणि तापलेली हवा इंजिनाला मानवत नाही. ती वाटेत कुठेतरी थंड करायला हवी. मग जोरही वाढेल, मायलेजही परत येईल. हे सगळं ह्यांनी मला सांगितलं असेल. मी ऐकलं नाही. मला त्या उन्हाळ्यात वेगळीच काळजी होती.

आमची रेणू मार्चच्या परीक्षेत फिजिक्समध्ये नापास झाली होती. आमच्याकडे अकरावी-बारावी म्हणत नाहीत, इंटर म्हणतात. फर्स्ट इयर आणि सेकंड इयर. हैदराबादेत ज्या घरात इंटरचं मूल आहे त्या घरात टीव्ही बंद, पाहुणे बंद, मोठ्याने शिंकणंसुद्धा बंद. रेणू सेकंड इयरला एका विषयात गेली, आता मे अखेरच्या सप्लिमेंटरीत तो काढायचा होता. नाही काढला तर शिक्षण संपलं. शेती बघायला उदगीरला परत गेलेल्या थोरल्या दिरांनी, आबासाहेबांनी, निरोप धाडला होता, "पोरीला अठरावं सरलंय. पुन्हा नापास झाली तर मुलगा बघून ठेवलेला आहे." आणि आमचे हे सगळ्या जगाशी वाद घालतील, पण आबासाहेबांपुढे ह्यांच्या तोंडातून "हौ दादा" शिवाय शब्द फुटत नाही. पोरीला ते माहीत होतं. ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत अभ्यासाला बसायची. मे महिना, वर पत्रा. वहीवर घाम टपकून शाई फुटायची आणि पोरगी रडायची. तिला कूलर घ्या म्हणून मी ह्यांचं डोकं खाल्लं होतं. "हौ, बघतो," एवढंच म्हणायचे.

आणि मग एके दिवशी मलकपेठेतले गौसभाई दुकानात आले. पत्र्याचे कूलर बनवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. बायकोला साडी घ्यायला आले होते. मी तिथेच घड्या घालत होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"गौसभाई," हे म्हणाले, "मेरेकू एक इंटरकूलर होना. बनाते क्या?"

"इंटर का कूलर? कैकू नै बनाते? फर्स्ट इयर कि सेकंड इयर?"

ह्यांनी क्षणभर विचार केला. गाडीला टर्बो लावून दुसरं वर्ष चालू होतं. "सेकंड इयर," हे म्हणाले.

"तो बडा बनाना पडता. सेकंड इयर में गर्मी ज्यादा."

"सही बोले!" ह्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना समजून घेणारं कोणी भेटलं होतं. "अंदर एकदम गरम हो जाता भाई. और प्रेशर इतना है कि पूछो मत."

"इंटर में प्रेशर तो रैताच. मेरे भतीजे का बी वैसाच था."

"उसने भी लगाया?"

"लगाया तो पास हुआ ना!"

"पास" म्हणजे कुठल्यातरी टेस्टमध्ये पास, असं ह्यांना वाटलं. ह्यांनी गौसभाईंचे दोन्ही हात धरले. "खस अच्छा डालता," गौसभाई म्हणाले, "ठंडा हवा मिला तो दिमाग चलता." ह्यांनी "दिमाग"चा अर्थ इंजिन असा लावला.

आणि मी? घडी हातात तशीच राहिली. डोळे भरून आले. इतके दिवस ह्या माणसाला मी काय काय बोलले, आणि हा मनातल्या मनात पोरीच्या कूलरची सोय करत होता! त्या संध्याकाळी मी ह्यांच्या आवडीचं बगारा बैंगन केलं. हे दोनदा वाढून घेऊन जेवले आणि म्हणाले, "आज काय विशेष?" मी नुसती लाजले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर लाजणं सोपं नसतं, पण लाजले.

कूलर आला तो हातगाडीवरून. हिरवा रंग, तिन्ही बाजूंना खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या, आणि पुढे गौसभाईंनी हौसेने लाल अक्षरांत लिहिलेलं, "इंटर सेकंड इयर. ऑल द बेस्ट." हे खाली धावत आले, आणि ते बघून ह्यांचा चेहरा असा पडला की मला सगळं एका झटक्यात कळलं.

"हे काय आहे?" हे पुटपुटले.

"कूलर आहे. तुम्हाला काय हवं होतं?"

"इंटरकूलर, गं. गाडीचा. वीतभर असतो तो!"

मी तेव्हा काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बगारा बैंगनाचाही उद्धार झाला. पण मी ओरडत असताना रेणू जिन्यावरून उतरली, तिने ती लाल अक्षरं वाचली आणि ह्यांच्या गळ्यात पडली. "बाबा! माझ्यासाठी?" हे माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांच्याकडे बघितलं. मग हे म्हणाले, "मग काय तर. सेकंड इयर तूच ना घरात?"

कूलर गच्चीवर चढला. पोरगी गारव्यात बसायला लागली. तरी अडलेलं घोडं अडलेलंच. तिला नेमकं उष्णतेचं प्रकरण डोक्यात शिरत नव्हतं. वायू दाबला की काय होतं, तापमान, आकारमान, सगळा गोंधळ. एक दिवस मी ताक घेऊन वर गेले तर हे तिच्यासमोर बसून सायकलचा पंप मारतायत.

"हात लाव. गरम झाला का? का झाला?"

"दाबला म्हणून."

"मग टर्बोत काय होतं?"

"तेच. हवा दाबली, तापली, पसरली. मग इंजिनात कमी मावते."

"आणि थंड केली तर?"

रेणूने पंप हातात घेतला. मग म्हणाली, "आकसते. मग जास्त मावते. बाबा, हे पुस्तकात असं का नाही लिहिलं?"

त्यानंतर बाप-लेक रोज दुपारी कूलरसमोर. ह्यांनी खरंच कधी कोणाला काही समजावलं असेल तर त्या दिवसांत. मी जिन्यात उभी राहून ऐकायचे. मला कळायचं नाही काही, पण पोरीचा आवाज बदललेला मला कळायचा.

इथेच थांबले असते तर बरं होतं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी रेणूनेच बापाला कल्पना दिली. म्हणाली, "बाबा, टर्बोची नळी ह्या ओल्या खसातून फिरवली तर? हवा थंड होईलच की." बस! दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली येऊन बघते तर फियाटच्या टपावर कूलर दोरखंडाने बांधलेला. बॉनेटमधून दोन जाड नळ्या निघून काचेसमोरून वर चढलेल्या, त्यांना आमच्याच दुकानातलं गुलाबी अस्तर गुंडाळलेलं. वर टाकीत पाणी, ते खसावरून झिरपून चारी बाजूंनी टपटपतंय. आणि पुढे लाल अक्षरांत "ऑल द बेस्ट".

"ह्याच्यातून पोरगी परीक्षेला जायची नाही," मी म्हटलं. "रिक्षा बोलवा."

"आई, मी बाबांच्याच गाडीतून जाणार," रेणू म्हणाली आणि पुढे बसली. मी मागे बसले. दोघांना एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती.

गाडी मात्र काय चालली म्हणून सांगू! इंजिन ठोकत नव्हतं. कोठीचा चौक मागे पडला तेव्हा बसवाल्यांनी आम्हाला वाट दिली, भीतीने का होईना. खस आणि स्पिरिट ह्यांचा मिळून असा काही वास सुटला होता की माझंच डोकं हलकं झालं. हे गाणं गुणगुणत होते. चादरघाटच्या पुलाजवळ दारूबंदीवाल्यांची तपासणी चालली होती. हवालदाराने नाक वर केलं, डोळे मिटले, आणि मग दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभा राहिला.

आम्ही उतरेपर्यंत गर्दी जमली. टपावरून टपटपतेय ती दारूच आहे अशी हवा पसरली. एका गृहस्थाने रुमाल धरला. दुसरा शेजारच्या चहाच्या टपरीवरून पेला घेऊन आला. ह्यांनी त्याला ओरडून सांगितलं की ते नळाचं पाणी आहे, तर तो म्हणाला, "मेरेकू मालूम जी, सब ऐसाच बोलते," आणि पेला धरून उभा राहिला. तेवढ्यात इन्स्पेक्टर आले. तेलुगू माणूस, वयस्क, कपाळाला विभूती. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि रुमालाने डोळे पुसले.

"ए क्या है जी?"

इथे शहाण्या माणसाने "पेट्रोल" म्हणावं. आमच्या ह्यांनी व्याख्यान सुरू केलं. मोटारी अल्कोहोलवर चालवणाऱ्या ब्राझीलपासून सुरुवात केली. मग ऊस, मग मळी, मग टर्बो, दाबलेली हवा, आकसलेली हवा. बोट वर करून खस दाखवला. गर्दीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. रेणूने ह्यांची बाही ओढली. "बाबा, पेपर सुरू होईल." हे थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सगळा उत्साह गळून गेला.

"देखो," इन्स्पेक्टर म्हणाले. "मेरे पास दोनीच रस्ते हैं. दारू की गाडी है तो जप्त, सबका बयान, शाम तक बैठना. पागल आदमी की गाडी है तो मैं कुछ नहीं देखा, जाओ. आप पागल हैं क्या?"

ज्या माणसाला आयुष्यभर मी तेच म्हणत आले आणि ज्याने एकदाही ते मान्य केलं नाही, तो माणूस हात जोडून म्हणाला, "हौ साब. मैं पागल हूं."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. "पागल आदमी खुद कबी नहीं बोलता. घर का आदमी बोलना." आणि ते माझ्याकडे वळले. "अम्मा, आप बोलो. आपका आदमी पागल है?"

सगळी गर्दी माझ्याकडे बघायला लागली. पेलेवालासुद्धा.

किती सोपं होतं हो. सकाळ-संध्याकाळ जो शब्द माझ्या जिभेवर, तोच एकदा म्हणायचा. पण ह्या परक्या माणसासमोर, रस्त्यावर, इतक्या लोकांत? माझं डोकं फिरलं. "कौन बोला पागल?" मी म्हटलं. "मेरे घरवाले पागल नै. इनके जैसा हुशार आदमी पूरे सुलतान बाजार में नै! इन्होंने बच्ची को सिकाया. कालेज के मास्तर को नै आया वो सिकाया. तुम पागल, तुम्हारा हवालदार पागल!"

"भामा!" हे कळवळले. "अगं रोज म्हणतेस, आज म्हण की!"

"नाही म्हणणार."

"रेणूचा पेपर आहे, भामा."

"तुम्हाला वेडा म्हणायचा हक्क माझा आहे. ह्यांच्या सांगण्यावरून मी म्हणणार नाही."

इन्स्पेक्टरांनी वही काढली. हवालदार दोरखंड सोडायला लागला. रेणू माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात पॅड होतं आणि पॅडला हॉलतिकीट अडकवलेलं होतं. मला आबासाहेबांचा तो बघून ठेवलेला मुलगा दिसला. उदगीरच्या घरापुढचा लग्नाचा मांडव दिसला. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला.

"हौ साब. पागल है."

"जोर से बोलो अम्मा, पब्लिक को सुनना."

"पागल है!" मी ओरडले. "शादी हुई तब से पागल है! पूरा पागल है!" आणि पदर तोंडात धरून रडायला लागले. बाजूच्या बायका "च्च च्च" करायला लागल्या. एकीने माझ्या पाठीवर हात फिरवला. हे मान खाली घालून उभे होते. इन्स्पेक्टरांनी वही मिटली, ह्यांच्याकडे हळहळून बघितलं आणि हवालदाराला म्हणाले, "छोडो रे. बिचारी."

मलकपेठेच्या सेंटरचं फाटक लागायला आणि आम्ही पोचायला एकच गाठ पडली. रेणू धावत आत गेली. आत जाताना वळून तिने बापाला हात केला. मग आम्ही दोघं कडुलिंबाखाली गाडीत बसून राहिलो. वरून पाणी टपटपत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मी मनापासून नाही म्हटलं."

"माहीत आहे मला."

"कसं माहीत?"

"एरवी म्हणतेस तेव्हा तू रडत नाहीस," हे म्हणाले आणि काचेवर उगाचच फडकं फिरवायला लागले.

रेणू बाहेर आली ती हसत. वायूवरचा प्रश्न आला होता, म्हणाली, दोन पानं लिहिली, पुरवणी मागितली. पुढे निकाल लागला आणि पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. आबासाहेबांना ह्यांनी स्वतः फोन केला. "दादा, तो मुलगा नको," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा. मी शेजारीच उभी होते.

पण परीक्षेच्या त्या दुपारी गाडी काही सुरू होईना. पाणी कुठल्यातरी नळीतून आत गेलं होतं. हे स्टिअरिंगवर, आणि मलकपेठेच्या भर बाजारातून मी आणि रेणू मागून ढकलतोय. ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती, आणि टपावरचं पाणी नेमकं माझ्या मानेवर पडत होतं. ढकलता ढकलता मी ह्यांना आळशी म्हटलं, उधळ्या म्हटलं, बथ्थड म्हटलं, निजामाच्या तबेल्यातला टोणगा म्हटलं. सापडेल ते म्हटलं. तो एक शब्द मात्र जिभेवर आला तरी मी गिळला आणि आणखी जोर लावला.